कॉम्प्युटरचा टाइम का चुकतो? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात घड्याळाचेच प्रश्न जास्त आले म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत. पारोळ्याच्या ताईंचा प्रश्न सगळ्यात आधी, कारण तसाच त्रास बऱ्याच जणांना आहे.

प्रश्न : दादा नमस्कार, माझं पारोळ्याजवळ सेवा केंद्र आहे. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली असते, २०१५ वगैरे. मग एकही सरकारी साइट उघडत नाही, कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणून लाल पाटी येते, डिजिटल सही पण घेत नाही. मी मोबाईलमध्ये बघून तारीख-टाइम टाकते, दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होऊ राहिलं. नेट चालू आहे तरी आपोआप का होत नाही? बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक उभे असतात हो.

उत्तर : ताई, रात्री जाताना तुम्ही भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करता ना? करायलाच पाहिजे, पण दुखणं तिथूनच सुरू होतं. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, कॉम्प्युटर बंद असला तरी ते चालू राहतं. बोर्डाचं बटण चालू असेल तोवर त्याला एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या आतल्या डब्यातून, थोडा करंट मिळत राहतो, आणि बटण बंद केलं की सगळा भार मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या चपट्या सेलवर येतो. तो सेल संपलाय. म्हणून दिवसा सगळं ठीक आणि सकाळी तारीख मागे. लोडशेडिंगनंतर पण असंच होत असेल, बघा.

सेलचा नंबर सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे नाहीतर मोबाईलच्या दुकानात कुठेही मिळतो. कॉम्प्युटर बंद करून वायर काढायची, बाजूचं झाकण उघडायचं, सेलच्या कडेला छोटी क्लिप असते ती दाबली की सेल वर येतो. नवा बसवताना प्लसची खूण वरच्या बाजूला. ज्याला जमत नसेल त्याने कॉम्प्युटरवाल्याला बोलवावं पण पाच मिनिटांचं काम आहे, यासाठी नवा मदरबोर्ड कोणी सांगितला तर ऐकू नका.

आता साइट का उघडत नाहीत. प्रत्येक सुरक्षित साइटचं एक सर्टिफिकेट असतं आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर २०१५ मध्ये बसलेला, सर्टिफिकेट या वर्षीचं, मग ब्राउझर म्हणतो हे अजून सुरूच झालेलं नाही आणि दार लावून घेतो. साइटचा दोष नाही, नेटचा पण नाही. डिजिटल सहीचं तसंच, तिच्या सर्टिफिकेटलाही मुदत असते आणि ती तुमच्या घड्याळावरून तपासली जाते.

आणि नेट असून आपोआप का होत नाही हा तुमचा खरा चांगला प्रश्न. विंडोज नेटवरून टाइम आणतं, पण आलेल्या टाइममध्ये आणि स्वतःच्या टाइममध्ये फरक फारच मोठा असेल तर ते विश्वास ठेवत नाही. घरगुती किंवा दुकानातल्या विंडोजमध्ये ही मर्यादा मुळात ५४,००० सेकंद म्हणजे १५ तासांची असते. उगाच कोणी खोटा टाइम पाठवून सगळं बिघडवू नये म्हणून ठेवलेली आहे आणि ती बरोबरच आहे, पण तुमचा फरक वर्षांचा आहे ना. म्हणून सेल बदलल्यावर एकदाच हाताने तारीख आणि अंदाजे टाइम टाका, मग सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम, तिथे टाइम झोन चेन्नई-कोलकाता-मुंबई-न्यू दिल्ली हाच आहे ना ते बघा, सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू करा आणि खालचं सिंक नाऊ दाबा. एरर आली तर सर्व्हिसेसमध्ये विंडोज टाइम नावाची सर्व्हिस बंद पडलेली असू शकते, ती ऑटोमॅटिक करून चालू करा.

यानंतर टाइमला हात लावू नका ताई. मोबाईल बघून टाइम टाकला की डोळ्याला बरोबर दिसतो, पण घाईत एखाद दिवशी तारीख चुकते, महिना चुकतो, आणि तीच तारीख लोकांच्या पावतीवर आणि अर्जावर छापून जाते. मग त्या माणसाला तालुक्याच्या ऑफिसात चकरा. तुमच्या हातातून लोकांची कागदपत्रं जातात म्हणून एवढं सांगतोय.

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, टाइमची सवय अंगात मुरलेली. मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर, तिन्हीकडे सेकंद वेगळे दिसतात. खरा टाइम कुठला? आणि कॉम्प्युटर नेटवरून टाइम आणतो म्हणतात, पण टाइम येईपर्यंत वाटेत उशीर होतच असेल ना, मग तो बरोबर कसा?

उत्तर : आबा, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, वाटेतला उशीर कोणी विचारतच नाही.

भारताचा खरा टाइम दिल्लीला राहतो. तिथल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये, अणुघड्याळं आहेत, त्यांच्यावर आपली भारतीय प्रमाणवेळ चालते. सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवर आहे, त्याची ९,१९२,६३१,७७० कंपनं झाली की एक सेकंद, १९६७ पासून. जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे ती आपली वेळ. टीव्हीवरचं घड्याळ धरू नका, डिजिटल सिग्नल तयार होऊन, उपग्रहावरून येऊन, सेट टॉप बॉक्समधून उघडेपर्यंत काही सेकंद जातात. मोबाईल टॉवरकडून घेतो, रोजच्या कामाला उत्तम. पण सेकंदाचं काम असेल तर ज्या कॉम्प्युटरवर सिंक, म्हणजे नेटवरून टाइम जुळवणं, नीट चालू आहे त्याचा टाइम धरा.

तो कसा येतो ते सांगतो. समजा तुम्ही शेतात आहात आणि पोऱ्याला गावातलं घड्याळ बघायला पाठवलं. तुमच्या घड्याळात १०:०० ला तो निघाला. गावात पोचला तेव्हा गावच्या घड्याळात १०:२५ वाजलेले, तो दोन मिनिटं थांबला, १०:२७ ला निघाला, तुमच्याकडे परत आला तेव्हा तुमच्या घड्याळात १०:२२. आता तुमच्या हिशोबाने तो एकूण २२ मिनिटं बाहेर होता, त्यातली २ गावात गेली, राहिली २० वाटेची, म्हणजे जायला १० यायला १०. मग तुमच्या घड्याळाने तो १०:१० ला गावात पोचला, तेव्हा गावात १०:२५. तुमचं घड्याळ १५ मिनिटं मागे. कॉम्प्युटर अगदी हेच करतो, हे चारही टाइम नोंदवतो आणि वाटेतला उशीर वजा करतो, फक्त मिनिटांच्या जागी मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

यात गृहीत एकच, जायला आणि यायला सारखाच वेळ लागला. मोबाईलच्या नेटवर जायची वाट आणि यायची वाट सारखी नसते, तेव्हा जेवढा फरक त्याच्या निम्मी चूक राहतेच. पण ती बहुतेक वेळा मिलिसेकंदांतच मोजायची. एकाच इमारतीतल्या वायरच्या नेटवर्कमध्ये तर एका मिलिसेकंदाच्या आतसुद्धा येते.

ही पद्धत म्हणजे एनटीपी. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी ती बसवली, १९८५ मध्ये पहिलं रूप आलं, आणि पुढे कित्येक वर्षं ते त्यावरच काम करत राहिले, दृष्टी गेली तरी. २०२४ च्या जानेवारीत ते गेले. आपल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरचा टाइम या माणसाच्या कामावर चालतो आणि नाव कोणाला माहीत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

यात पायऱ्या असतात. अणुघड्याळ किंवा जीपीएस ही शून्य पायरी, त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिली, त्याच्याकडून घेणारा दुसरी, असं १५ पर्यंत, १६ म्हणजे या घड्याळाला आधारच नाही असं समजायचं. आणि चांगलं सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर भरवसा ठेवत नाही, तीन-चार जणांना विचारतं, एखादा चुकीचा सांगत असेल तर त्याला बाजूला करतं. दोघांनाच विचारून उपयोग नसतो, दोघांत फरक पडला तर चुकला कोण ते कळत नाही. थोडासाच फरक असेल तर घड्याळ एकदम उडी पण मारत नाही, ते हळूहळू सरकवतात, नाहीतर हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी झालेली नोंद नंतरची दिसायला लागेल.

आबा तुमच्यासाठी अजून एक. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ बसावा म्हणून अधूनमधून एक सेकंद जास्तीचा घालतात. शेवटचा घातला तो आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आले आणि मग ५:३० वाजले. २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करायचं जगभरच्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलंय.

प्रश्न : धरणगावकडे आमची जिनिंग आहे. काट्याच्या कॉम्प्युटरवर पावतीला जो टाइम येतो आणि कॅमेऱ्यात दिसतो त्यात ७ मिनिटांचा फरक आहे, कॅमेरा मागे. परवा एका शेतकरी भाऊशी गाडीच्या वजनावरून वाद झाला, फुटेज काढलं तर पावतीच्या टाइमला काट्यावर दुसरीच गाडी उभी. माणूस म्हणे तुम्ही फुटेज बदललं. डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला, नेट नाही. नवीन घ्यावा का?

उत्तर : नवीन नका घेऊ भाऊ, नवीन पण असाच मागे पडेल. आणि त्या शेतकऱ्याचा संशय मला तरी चूक वाटत नाही. वर्षभराचा माल काट्यावर उभा असताना पावती एक सांगते आणि कॅमेरा दुसरं, तर त्याने विश्वास कशावर ठेवायचा.

डीव्हीआरच्या आत पण तसंच छोटं क्वार्ट्झ घड्याळ असतं, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारं. चांगल्या क्वार्ट्झमध्येसुद्धा दिवसाला दीड-पावणेदोन सेकंदांची चूक असू शकते, म्हणजे वर्षाला दहा मिनिटं. वरून आपलं ऊन. हे क्वार्ट्झ २५ डिग्रीच्या आसपास ठीक चालतं, तापमान वर गेलं की सावकाश होतं, आणि २५ पासून दुप्पट दूर गेलं की चूक दुप्पट नाही, चौपट होते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये बंद पेटीत डीव्हीआर ठेवला आणि आत ५५ डिग्री झाले तर नुसत्या उष्णतेने दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त मागे जातो. तुमची ७ मिनिटं अशीच साठलेली दिसतात.

आता करायचं काय. टाइम बदलायच्या आधी, मोबाईल डीव्हीआरच्या स्क्रीनशेजारी धरून दोन्ही टाइम एका फोटोत येतील असा फोटो काढून ठेवा. जुन्या फुटेजमध्ये किती फरक धरायचा याचा तोच पुरावा. काम पोलिसात गेलं तर हा फरक लेखी देता येतो, फुटेजसोबत आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र पण लागतं.

मग काट्याचा कॉम्प्युटर आणि डीव्हीआर दोघांना एकच धनी द्या, माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर आहे. सिमवाला छोटा राऊटर घ्या, दोघं त्याला जोडा. डीव्हीआरच्या मेनूत डेट-टाइममध्ये एनटीपी म्हणून खूण असते ती चालू करा, सर्व्हरच्या जागी एनपीएलचा टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी टाका, नाहीतर इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी, आणि काट्याच्या कॉम्प्युटरला पण तोच द्या. विंडोजमध्ये सर्व्हर बदलायचा तर कंट्रोल पॅनलमधल्या डेट अँड टाइममध्ये इंटरनेट टाइम नावाचा टॅब आहे तिथे. कॅमेरे नेटवर्कवाले असतील तर कधीकधी चित्रावरचा टाइम कॅमेऱ्याचा स्वतःचा असतो, ते पण तपासा. टाइम झोन जीएमटी +०५:३० नक्की बघा. बरेच डीव्हीआर चीनच्या +०८:०० वर येतात, मग एनटीपी चालू केल्याबरोबर घड्याळ अडीच तास पुढे जातं आणि लोक म्हणतात एनटीपीनेच बिघडवलं. डीएसटी, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची परदेशातली पद्धत, बंद ठेवा, आपल्याकडे ती भानगड नाही.

सिंक होत नसेल तर राऊटरमध्ये यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट, म्हणजे एनटीपीची जायची-यायची वाट, अडवलाय का ते नेटवाल्याला विचारा. आणि तिथे सिमला रेंजच नसेल तर जीपीएस रिसीव्हरवर चालणारा टाइम सर्व्हर बसवता येतो, त्याला नेट लागत नाही, फक्त अँटेनाला मोकळं आभाळ लागतं.

कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी ऑफिसं यांना तर सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, एप्रिल २०२२ मध्येच सांगितलंय की घड्याळं एनआयसी (सरकारचं कॉम्प्युटर-नेटचं केंद्र) नाहीतर एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवा. तुमच्या काट्यावर तर पैशाचा व्यवहार होतो, म्हणून करा.

प्रश्न : धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की टाइम साडेपाच तास मागे. सेल नवीन टाकला तरी तेच.

उत्तर : सेलचा संबंध नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज त्याच आकड्याला भारतीय वेळ समजतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, टाइमझोन इन्फर्मेशनमध्ये रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची व्हॅल्यू १ करून टाक, दोघं एकाच भाषेत बोलतील. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला पण सांगता येतं, पण विंडोजला बदलणं जास्त चांगलं. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी बॅकअप घे.

प्रश्न : अमळनेरहून, शिक्षिका आहे. ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड टाकला की चूक आहे म्हणतो. मेसेजने येणारा ओटीपी मात्र चालतो.

उत्तर : मॅडम, ॲपमधला कोड नेटवरून येत नाही, फोनच्या घड्याळावरून तयार होतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. फोन एक-दोन मिनिटं इकडेतिकडे असला की समोरच्या साइटचा कोड वेगळा आणि तुमचा वेगळा. फोनच्या डेट-टाइम सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक चालू करा, टाइम झोन पण ऑटोमॅटिक, आणि नवा कोड आला की तो टाकून बघा.