लेकीला ‘रस्त्याखालच्या कापडात’ करिअर करायचंय

प्रश्न : ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. पाच एकर कोरडवाहू आहे, कपाशी-तूर घेतो. मुलगी शासकीय तंत्रनिकेतनात सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्रेनिंगला रस्त्याच्या कामावर गेली होती. तिथं मुरमाखाली पांढरं कापड अंथरताना पाहिलं, तेव्हापासून म्हणते, ‘बाबा, मला जिओसिंथेटिक्समध्येच (मातीत घालायच्या कापड-जाळ्या-पन्न्यांच्या क्षेत्रात) जायचं.’ एका खासगी क्लासनं तीन महिन्यांच्या कोर्सचे चाळीस हजार सांगितले. घरचे म्हणतात, कापडाचं काय शिकायचं, ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा दे. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी ते चाळीस हजार भरू नका. बाकीचं सांगते.

तुमच्या लेकीनं जे पाहिलं ते वेडगळ नाही. आपल्या काळ्या मातीवर गिट्टी टाकली की दोन पावसाळ्यांत ती चिखलात गडप होते, हे पांदण रस्त्यावरून बैलगाडी नेणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. गिट्टी खाली रुतते, चिखल वर येतो. मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे तेच पांढरं कापड, अंथरलं, तर पाणी त्यातून निघून जातं, पण माती आणि गिट्टी एकमेकांत मिसळत नाहीत. जिओग्रिड म्हणजे जाळी, तिच्या चौकटींत गिट्टी अडकून घट्ट बसते. जिओमेम्ब्रेनचं काम मात्र उलटं आहे, त्यातून पाणी जाऊच द्यायचं नाही. शेततळ्यात घालतो ती 500 मायक्रॉनची पन्नी, ती याच घराण्यातली. म्हणजे हा विषय तुमच्या गावात आधीच येऊन बसलाय.

पण माल चांगला असून काम कसं बिघडतं, ते मी माहेरच्या गावी पाहिलं. शेततळं खोदलं आणि तळाचे दगड, पळाट्यांचे खुंट न काढताच वर पन्नी अंथरली. काठावर चर खोदून तिची कड मातीत नीट दाबलीही नाही. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, दिवाळीपर्यंत कोरडं झालं. त्या शेतकऱ्याचं रब्बीचं ओलित गेलं. पन्नीत खोट नव्हती. खाली काय आहे, हे पाहणारं माणूसच तिथं नव्हतं.

म्हणून लेकीला माझं सांगणं एकच : कापड नंतर, माती आधी. ज्याला माती कळते, त्याला कोणतं कापड कुठं घालायचं हे साइटवर काही महिन्यांत उमगतं. नुसती कापडाची नावं पाठ असलेल्याला माती कळायला मात्र फार वेळ लागतो. तीन महिन्यांच्या क्लासमध्ये ही दुसरी गोष्टच जास्त होईल, अशी मला भीती वाटते.

डिप्लोमा झाला की थेट द्वितीय वर्षात पदवीला प्रवेश घ्यावा. त्याला वेगळी प्रवेश परीक्षा नसते, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे गुण धरतात. तेव्हा हे वर्ष जिवावर घेऊन अभ्यास करायला सांगा. अमरावती, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ इथं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीत असेल, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून झाला असेल, तर 2024-25 पासून शासन मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. दाखले आत्तापासून काढून ठेवा. तहसीलच्या चकरा ऐन प्रवेशाच्या आठवड्यात मारू नका.

पदवीत जिओटेक्निकल, म्हणजे माती आणि पायाच्या, विषयावर जोर द्यावा. पुढं एम.टेक.च्या प्रवेशासाठीची ‘गेट’ परीक्षा उत्तीर्ण होऊन तिकडं गेली, तर महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटी मुंबईत हा विषय आहे. मुंबईचीच ‘बीटीआरए’ ही वस्त्र संशोधन संस्था या कापडांच्या चाचण्या करते. आपल्याकडच्या औष्णिक वीज केंद्रांचे राखेचे तलाव, कचऱ्याची भरावभूमी, कालव्यांचं अस्तर, उड्डाणपुलांचे भराव, या सगळ्या कामांना अशी माणसं लागतात.

ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा? जरूर द्यावी. मृदा यांत्रिकी, म्हणजे मातीचं शास्त्र, त्याही अभ्यासक्रमात आहे, म्हणजे दोन्ही वाटा बराच वेळ सोबत चालतात. घरच्यांशी या मुद्द्यावरून भांडण नको.

साइटची नोकरी सोपी नाही, हेही लपवत नाही. धूळ आहे, ऊन आहे, बाईमाणसासाठी संडासाची सोय कित्येक ठिकाणी नसते. ती नोकरी घेताना ‘राहायची सोय काय?’ हे तिनं न लाजता विचारावं. माती-मटेरियलच्या प्रयोगशाळेतही काम आहे आणि ते कमी दर्जाचं नाही.

अजून एक. हा माल बहुतेक प्लास्टिकचाच असतो, तरी त्याला पर्यावरणपूरक म्हणतात. हे कधी खरं? जेव्हा त्याच्यामुळं गिट्टीचा थर कमी लागतो, टेकड्या कमी फोडाव्या लागतात आणि रस्ता जास्त वर्षं टिकतो. उघड्या भरावावर गवत रुजेपर्यंतच धूप थांबवायची असेल, तर ताग किंवा काथ्याची जाळी बरी, ती काम झाल्यावर मातीत जिरते. कुठं कोणतं, हे ठरवता येणारी इंजिनिअर आपल्याला हवी आहे.

तिची ओढ किती खरी आहे ते पाहायचं, तर हे करा. धुऱ्याजवळची काळी माती वाळवून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायला सांगा. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून 10-10 ग्रॅम माती 100 मिलीच्या दोन काचनळ्यांत टाकायची. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीचं आकारमान नळीवरच्या मिलीच्या खुणांवर वाचायचं. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात 10 मिली आणि पाण्यात 16 मिली आलं, तर फुगवटा 60 टक्के, म्हणजे भारी फुगणारी माती. तुमच्या शेताचा आकडा किती आला, ते तिलाच मला लिहू द्या.