लॅक्टोज आणि फ्रुक्टोज पचत नाही असं टेस्टमध्ये निघालं. आता सगळं कायमचं बंद करायचं का?

नाही. कायमचं नाही, आणि ‘सगळं’ तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की ब्रेथ टेस्टमध्ये, म्हणजे श्वासातला वायू मोजणाऱ्या तपासणीत, लॅक्टोज आणि फ्रुक्टोज दोन्ही पॉझिटिव्ह आले, तेव्हापासून दूध, फळं, मध, गहू, कडधान्यं सोडली, वजन उतरलं आणि पोट तरीही फुगतंच. शिवाय तीन वर्षांच्या मुलीला दूध प्यायल्यावर जुलाब होतात, तर तिचंही दूध थांबवावं का, असं विचारलंय. हीच दोन्ही निदानं घेऊन मी बरीच वर्षं जगतेय. मी डॉक्टर नाही. या काळात डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडून जे समजून घेतलं आणि रोज वापरते, ते सांगते.

आधी पोटात नक्की काय होतं ते बघू, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं. लहानपण सरलं की ते कमी होत जातं, आणि जगातल्या जवळपास दोन तृतीयांश प्रौढांच्या बाबतीत असं होतं. तेव्हा याला आजार म्हणणंही जरा अन्यायाचंच. फळांतल्या आणि मधातल्या साखरेत, म्हणजे फ्रुक्टोजमध्ये, फोडण्यासारखं काही नसतं. त्याला आतड्याच्या पेशीत नेणारी वाहक प्रथिनं असतात आणि त्यांची ताकद सगळ्यांचीच मर्यादित, कुणाची कमी तर कुणाची जास्त. सोबत ग्लुकोज असलं की फ्रुक्टोज सोपं जातं. म्हणून फळात फ्रुक्टोज किती आहे यापेक्षा ते ग्लुकोजहून किती जास्त आहे हे बघायचं. मध्यम आकाराच्या सफरचंदात साधारण १० ग्रॅम फ्रुक्टोज असतं आणि ग्लुकोज त्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यात वर सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेसारखाच गोड पण धड न शोषला जाणारा पदार्थ. संत्र्यात दोन्ही जवळपास सारखी असतात, त्यामुळे बहुतेकांना एखादं संत्रं त्रास देत नाही.

जी साखर शोषली जात नाही ती पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार करतात. पाण्यामुळे जुलाब, वायूमुळे गुबारा आणि कळा. बद्धकोष्ठावर देतात ते लॅक्टुलोज नेमकं याच तत्त्वावर चालतं. ती मुद्दाम दिलेली न पचणारी साखरच असते. मधुमेहाच्या अकार्बोज आणि व्होग्लिबोज या गोळ्याही कर्बोदकांचं पचन जाणूनबुजून मंद करतात, म्हणून त्या घेणाऱ्यांना गॅस होतो. तुम्ही यातली एखादी घेत असाल तर आहारात आणखी काही बदलण्याआधी ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्रासाबद्दल सांगा. स्वतःहून मात्र बंद करू नका.

आता तुमच्या टेस्टकडे येते. माणसाच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, त्यामुळे श्वासात तो आला म्हणजे जीवाणूंपर्यंत साखर पोचली एवढं नक्की. साधारणपणे २५ ग्रॅम साखर पाण्यातून देतात आणि हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) किंवा जास्त चढला तर टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. पण २५ ग्रॅम लॅक्टोज म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर दूध, तेही रात्रभर उपाशी राहून एका दमात! असं दूध तुम्ही एरवी कधी पिता? लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दुधाएवढं लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं, जेवणासोबत घेतलं तर आणखी बरं. फ्रुक्टोजचंही तसंच. एका वेळी ५० ग्रॅम दिलं तर धडधाकट माणसांपैकीही पुष्कळांना ते पूर्ण शोषता येत नाही. साखर उरते, हे टेस्ट सांगते. किती खाल्ल्यावर तुम्हाला त्रास होईल, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. टेस्ट पॉझिटिव्ह असूनही काहीही न होणारी माणसं असतात आणि अगदी थोड्या गॅसनंही ज्यांना कळा येतात अशीही असतात, कारण आतड्याची संवेदनशीलता हा वेगळाच मामला आहे.

तरीही तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. एकीपेक्षा जास्त साखरांच्या टेस्ट पॉझिटिव्ह येतात तेव्हा आतड्यालाच काही झालंय का, हे आधी बघायला हवं. लहान आतड्यात जीवाणू वाढले असतील, ज्याला डॉक्टर ‘सिबो’ म्हणतात, तर समोर येईल ती साखर तिथेच आंबते आणि सगळ्याच टेस्ट पॉझिटिव्ह दिसू शकतात. हायड्रोजन कितव्या मिनिटाला चढला ते रिपोर्टवर असतं. पहिल्या दीड तासातच चढला असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. दुसरी शक्यता सीलिॲक आजाराची. त्यात ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराची झीज होते आणि लॅक्टेज त्या अस्तरावरच असल्यामुळे तेही जातं. त्याची सुरुवातीची तपासणी रक्ताची असते, टीटीजी-आयजीए नावाची. पण तुम्ही गहू सोडून बसलाय! ग्लूटेन बंद असताना ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तपासणीआधी काही आठवडे गहू पुन्हा खायला लागतो, किती आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतील. मी तुमच्या जागी असते तर बाकी काहीही करण्याआधी हे उरकून घेतलं असतं.

वजनाचंही तसंच. बहुतेक वेळा ते उतरतं कारण माणूस घाबरून खायचाच थांबतो, पण तसं गृहीत धरू नका. शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, ताप, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर पथ्याचे प्रयोग बाजूला ठेवून तपासून घ्या.

हे सगळं स्वच्छ निघालं, तर मग इतकं सोडूनही पोट का फुगतं? माझा पहिला संशय ‘शुगर-फ्री’ वस्तूंवर. साखर नको म्हणून आपण बिनसाखरेचं च्युइंगम आणि गोळ्या घेतो आणि त्यात सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल असतात, जे कुणालाच धड शोषता येत नाहीत. खोकल्याच्या कित्येक सिरपमध्येही सॉर्बिटॉल असतं. (औषधाच्या गोळीतलं लॅक्टोज मात्र इतकं थोडं असतं की बहुतेकांना जाणवतही नाही, लोक नेमके त्यालाच घाबरतात.) दुसरा संशय इन्युलिनवर, ज्याला पाकिटावर चिकोरी रूट फायबर असंही लिहितात. पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बारमध्ये आणि ग्लूटेन-फ्री बिस्किटांत ते सर्रास घालतात. तिसरा कांदा-लसूण. त्यातली फ्रुक्टन्स म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या, आणि त्या तोडणारं एन्झाइम कुठल्याच माणसाकडे नसतं. फ्रुक्टोजची टेस्ट यांच्याबद्दल अवाक्षर सांगत नाही. गव्हातही फ्रुक्टन्सच असतात, म्हणून गहू सोडून बरं वाटलं तर दोष ग्लूटेनचाच असेल असं नाही.

आणखी एक घोळ वेळेचा. दुधाचा त्रास अर्ध्या तासात सुरू होऊ शकतो, पण कांदा किंवा कडधान्यांचा त्रास कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवतो. आपण आळ घेतो तो जे शेवटी खाल्लं त्यावर. शिवाय हे सगळे पदार्थ पोटात एकत्र होतात. सकाळी थोडं दूध, दुपारी थोडा कांदा, संध्याकाळी अर्धं सफरचंद. एकेकटं काहीच करत नाही, पण बेरीज रात्री उभी राहते. मी वही ठेवते आणि तिच्यात फक्त शेवटच्या घासाचं नाही, मागच्या चोवीस तासांचं लिहिते.

आता पुढची वाट. या सगळ्या आंबणाऱ्या कर्बोदकांना मिळून ‘फॉडमॅप’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ मध्ये दिलं. त्या पथ्याचे तीन टप्पे आहेत: दोन ते सहा आठवडे कमी करणं, मग एकेक परत आणणं, आणि शेवटी स्वतःपुरता आहार ठरवणं. बहुतेक लोक पहिल्याच टप्प्यात मुक्काम ठोकतात, तुम्हीही तिथेच आहात. तिथे जास्त दिवस राहण्यात तोटा आहे. कॅल्शियम आणि तंतू कमी पडतात आणि मोठ्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरियासारखे उपयोगी जीवाणूही घटतात.

परत आणताना बाकीचा आहार तसाच ठेवून एकच गट घ्यायचा. लॅक्टोजसाठी पहिल्या दिवशी पाव कप दूध, मग अर्धा, मग एक कप. त्रास झाला की तिथेच थांबायचं, पोट शांत होईपर्यंत दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे आणि मग पुढचा गट. गहू, कांदा आणि लसूण तिन्हींत फ्रुक्टन्स असली तरी प्रत्येकाची वेगळी चाचणी घ्या. मला गव्हाच्या दोन पोळ्या विनातक्रार चालतात आणि कच्चा कांदा अजिबात नाही. हे कुठल्याही तयार यादीतून मला कळलं नसतं. जमलं तर हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा, वजन उतरलेलं असताना तर नक्कीच.

याच टप्प्यावर कुणीतरी तुम्हाला शंभर पदार्थांची आयजीजी रक्ततपासणी सुचवेल, म्हणजे त्या पदार्थांविरुद्ध रक्तात तयार झालेल्या आयजीजी नावाच्या अँटिबॉडी मोजणारी. पैसे वाचवा. त्या अँटिबॉडी आपण काय खात आलोय एवढंच सांगतात आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्था ती तपासणी निदानासाठी वापरू नका असंच म्हणतात. ‘आतडं धुऊन काढणाऱ्या’ पावडरींबद्दल तर बोलायलाच नको.

रोजच्या जगण्यात मी काय करते? दूध जेवणाबरोबर आणि थोडं थोडं घेते. दही जास्त सोसतं, कारण त्यातले जीवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. मुरवलेल्या घट्ट चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. लॅक्टोज-फ्री दूध म्हणजे लॅक्टेज घातलेलं दूधच, कॅल्शियम तेवढंच, फक्त चवीला गोड. लॅक्टेजची गोळी मिळते ती पहिल्या घासाबरोबरच घ्यायची, त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही, आणि फ्रुक्टोजवर तर ती काहीच करत नाही. नेमानं दूध प्यायल्यानं लॅक्टेज वाढत नाही, पण मोठ्या आतड्यातले जीवाणू थोडंफार जुळवून घेतात, म्हणून मीही दूध पूर्ण सोडलेलं नाही. लसणाचा वास हवा असेल तर पाकळ्या अख्ख्या तेलात परतून काढून टाकते. फ्रुक्टन्स पाण्यात उतरतात, तेलात नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग घालते. कडधान्यं भिजवून ते पाणी टाकून शिजवते आणि एका वेळी कमी खाते.

पदार्थांपेक्षा माणसं सांभाळणं अवघड, हे खरं. ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणणारे असतात आणि दुसऱ्या टोकाला माझ्यासाठी वेगळं ताट करून सगळ्यांसमोर जाहीर करणारे. मी आता कारण सांगत बसत नाही, ‘हे थोडंच वाढा’ एवढंच म्हणते. प्रवास किंवा महत्त्वाचं काम असेल त्याच्या आदल्या दिवशी मात्र मी नवीन काही खाऊन बघत नाही. ते प्रयोग सुट्टीच्या दिवशी, घरी.

राहिला मुलीचा प्रश्न. तुमच्या रिपोर्टवरून तिचं दूध बंद करू नका. वयानुसार होणारी लॅक्टेजची घट इतक्या लहान वयात सहसा त्रास देत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला दुधानं जुलाब होत असतील तर डॉक्टर आधी दुसरं कारण शोधतात. नुकताच जुलाब-उलट्यांचा संसर्ग होऊन गेला असेल, तर अस्तर दुखावल्यामुळे लॅक्टेज तात्पुरतं कमी होतं आणि काही आठवड्यांत सहसा परत येतं. जिआर्डियासारखे परजीवी, सीलिॲक किंवा दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हेही बघावं लागतं, आणि ॲलर्जी असेल तर लॅक्टोज-फ्री दुधानं काहीच साधत नाही, कारण प्रथिनं तीच असतात. तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना तिचं वजन-उंची नोंदवलेलं कार्ड बरोबर न्या. वाढ नीट चालू आहे की नाही, हे ते सगळ्यात आधी बघतील.