बाळ बारीक आहे, काय करू?

प्रश्न : नात जन्मली तेव्हा अडीच किलोच्या थोडी वर होती. आता चार महिन्यांची आहे, पण बाळसं धरत नाही. वरचं दूध, तूप सुरू करावं का? (एक आजी, शिरूर)

उत्तर : नको, आजी. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध द्या. अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेषा चढती असेल तर घाबरू नका. आडवी झाली असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

बारीक दिसणाऱ्या बाळाच्या अंगात चरबी कमी असतेच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मोठा अभ्यास केला. नवजात बाळाच्या पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली. साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा आपली बाळं सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती, स्नायूही कमी होते. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती! हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. गर्भारपणात ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट आहे.

गर्भारपणात दूध, पालेभाजी, फळं जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं जन्मतः मोठी होती, हेही याच अभ्यासातलं. आपल्याकडे सुनेचं ताट सगळ्यांत शेवटी वाढतात. ते आधी वाढा, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : मुलगा तेरा महिन्यांचा झाला, अजून चालत नाही. वॉकर आणू? (एक आई, सातारा)

उत्तर : वॉकर आणू नका, त्याने पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही चालायला लागली. अठरा महिन्यांपर्यंत चालला नाही तर दाखवा.

प्रश्न : मी मानसशास्त्र शिकते. मुलांच्या वाढीवरचं संशोधन डॉक्टरांचंच ना? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : मुळीच नाही. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठ १९७२–७३ मध्ये ड्यूनेडिनला जन्मलेल्या १,०३७ जणांचा आजही मागोवा घेतं. दात, फुप्फुसं, स्मरणशक्ती, स्वभाव, कमाई, सगळंच तपासतात. बालपणी स्वतःला आवरता येणाऱ्यांची तब्येत आणि पैशांची घडी बत्तिसाव्या वर्षी बरी होती, बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. मानसशास्त्रज्ञांशिवाय हे कळलं नसतं. एम.ए.ला सांख्यिकी मात्र सोडू नका.