वाचकांचे प्रश्न: टू-फोर्टीथ्रीने हरीण पडतं का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही पेनसिल्व्हेनियात असतो, ग्रीन कार्ड आहे, हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स झालाय आणि यंदा मला पहिल्यांदाच हरणाच्या सीझनला जायचंय. नवऱ्याची थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) रायफल रेंजवर चालवली तर खांदा काळानिळा झाला, आता ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटतात. त्याचे मित्र म्हणतात टू-फोर्टीथ्री (.२४३) म्हणजे पोरांची रायफल, हरीण नुसतं जखमी होऊन पळेल. मला जनावराचे हाल नकोयत. काय करू?

उत्तर: ताई, टू-फोर्टीथ्रीच घ्या आणि मित्रांचं मनावर घेऊ नका. .२४३ विंचेस्टर १९५५ साली आलं, .३०८ चंच काडतूस तोंडाशी आवळून केलेलं, आणि तेव्हापासून अमेरिकेत त्याने व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची हरणं, पडतायत. १०० ग्रेनची गोळी, म्हणजे साडेसहा ग्रॅमच, पण नळीतून सेकंदाला २,९०० फुटांच्या वर वेगाने निघते. धक्का मात्र थर्टी-ऑट-सिक्सच्या साधारण निम्मा.

हाल होतात ते गोळी भलतीकडे लागल्याने. पोटात लागलेली मोठी गोळी हरणाला तासन् तास तडफडवते आणि फुफ्फुसातून गेलेली छोटी गोळी त्याला बहुतेक वेळा शंभर-दीडशे यार्डांच्या आत पाडते, म्हणून डोळे मिटून मारलेल्या थर्टी-ऑट-सिक्सपेक्षा डोळे उघडे ठेवून मारलेली टू-फोर्टीथ्री मला हजारदा पसंत आहे, आणि हे मी मोठी माणसं, तगडी माणसं, सगळ्यांनाच सांगतो.

पण ही मिटण्याची सवय नवी रायफल आणली की आपोआप जाईल असं नाही हं. रेंजवर कुणाला तरी तुमच्या नकळत कधी खरं काडतूस, कधी स्नॅप कॅप म्हणजे डमी भरून द्यायला सांगा. डमीवर ट्रिगर ओढलात की नुसता 'टक' आवाज येतो आणि तेव्हा नळीचं टोक खाली झुकलं की समजायचं, खांदा अजून घाबरलाय. मग सरळ .२२ ची हलक्या धक्क्याची रायफल घ्या आणि टोक हलायचं थांबेपर्यंत सराव करा. कानात प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही, कारण निम्मं दचकणं गोळी सुटल्याच्या आवाजाचं असतं. मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला फेकणारं नळीच्या टोकाचं साधन, लावू नका, धक्का कमी होतो पण आवाज आणखी कानात येतो. बट, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता, लांब असेल तर कापून घ्या, रबरी पॅड लावा, आणि रायफल फार हलकी नको, हलक्या रायफलचा धक्का जास्त बसतो.

गोळी निवडताना मात्र चूक चालणार नाही. दुकानात .२४३ च्या ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या मिळतात, त्या कोल्ह्यासारख्या छोट्या जनावरांसाठी, हरणाच्या फऱ्याच्या हाडावर फुटून जातात आणि आत पोचतच नाहीत. ९५-१०० ग्रेनची हरणासाठीची घ्या, किंवा पूर्ण तांब्याची ८०-८५ ग्रेनची. मटण घरात पोरं खाणार असतील तर मी तांब्याचीच घेईन, शिशाचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात पसरतात.

हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम. किंचित पाठमोरं असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यासमोर धरून मारा. तोंड तुमच्याकडे असेल, पळत असेल, झाडीत अर्धवट दिसत असेल, तर सोडून द्या. टू-फोर्टीथ्रीची खरी मर्यादा इथे आहे, वाकड्या कोनातून अख्खं जनावर भेदायला तिच्यात वजन नाही. गोळी बाहेर पडल्याचं भोकही लहान असतं, रक्त कमी सांडतं, म्हणून बार झाल्यावर हरीण नेमकं कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते मनात पक्कं करा आणि अर्धा तास बसून राहा. मग हरीण उभं होतं तिथे जाऊन बघा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, लगेच माग काढा. हिरवट घाण दिसली तर पोट, मग कित्येक तास हलू नका, घाईने मागे गेलात तर ते उठून मैलभर जाईल.

आणि भडक फ्लोरोसंट नारिंगी कपडे, डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच, पेनसिल्व्हेनियात रायफल सीझनला सक्तीचे आहेत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी जंगलात खूप बंदुका असतात ताई, यात हयगय नको.

प्रश्न: मी एच-वन-बीवर आहे, रायफल घेता येते का?

उत्तर: फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला बंदी आहे, पण अमेरिकेत मिळालेलं चालू हंटिंग लायसन्स हातात असेल तर सूट मिळते. म्हणजे आधी कोर्स, मग लायसन्स, मग रायफल. लायसन्सची तारीख संपली की सूटही संपते, हे विसरू नका, घरात बंदूक पडून असणं हाच गुन्हा ठरू शकतो. राज्याचे नियम वेगळे, तेही बघा.

प्रश्न: आम्ही ओहायोत. वरची टू-फोर्टीथ्री इथे चालेल?

उत्तर: हरणासाठी नाही. ओहायोत सरळ भिंतीचंच काडतूस लागतं, .३५७ ते .५० इंच व्यासाच्या गोळीचं, आणि टू-फोर्टीथ्रीचं तोंड आवळलेलं असतं. तुमच्यासाठी विंचेस्टरचं .३५० लेजेंड, २०१९ मध्ये आलेलं, नाव .३५० असलं तरी गोळी .३५७ ची, धक्का तितकाच सौम्य. १५० यार्डांच्या आत मारा.