‘विभत्स’ नव्हे, बीभत्स

प्रश्न असा आहे: ‘हर्शेल गॉर्डन लुईसचा १९६३चा “ब्लड फीस्ट” पाहताना किळस येण्याऐवजी हसू येतं. अशा स्वस्तातल्या रक्तबंबाळ भयपटांच्या गमतीला “विभत्स विनोद” म्हणावं का?’

आधी तो ‘वि’ काढा. उपसर्ग मानून बाजूला केलात तर मागे ‘भत्स’ उरतं, आणि त्याला काही अर्थ नाही. अंगविक्षेपांच्या नाचाला ‘बीभत्स’ म्हणतात तेही थांबवा. तिथे ‘अश्लील’ हा चांगला शब्द आहे. ‘बिभत्स’सुद्धा नको. बी दीर्घच, आणि तो दीर्घ का, यातच सगळी मौज आहे.

पाणिनीचं सूत्र: ‘मान्बधदान्शान्भ्यो दीर्घश्चाभ्यासस्य’ (३.१.६). या चार धातूंना सन् (बहुधा इच्छा दाखवणारा) प्रत्यय लागला की पहिलं अक्षर दोनदा येतं आणि आधीच्या अक्षराचा स्वर दीर्घ होतो. बध्‌मधल्या ‘ध’चा ‘त’ झाला, त्याचा हकार (‘ध’मधला ‘ह’चा श्वास) मागे सरकून ‘ब’ला चिकटला, म्हणून ‘भ’. तयार झाली बीभत्सा. आणि त्याच सूत्रातून मान्‌ची झाली मीमांसा! वेदवाक्यांचा खल आणि रक्तामांसाची किळस, एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी. हे सूत्र मी कितीदाही वाचलं तरी आनंद तेवढाच होतो.

संस्कृत कोशकार मोनियर-विल्यम्स मात्र हा शब्द बाध् म्हणजे ‘दूर लोटणे’ या धातूखाली टाकतो. मला ते साफ अमान्य आहे. सूत्रात बध् आहे, आणि काशिकाकार, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या टीकेचे कर्ते, त्याचा मूळ अर्थ ‘बंधन’ देतात. माझ्या मते अनुभवही तेच सांगतो. डोळ्यांवर हात घेतो आणि बोटांच्या फटीतून बघतो, ती बीभत्सा. पळावंसं वाटतं, पण पाय बांधलेले. अर्जुनाचं ‘बीभत्सु’ हे नाव, म्हणजे युद्धात घृणास्पद कर्म टाळणारा, कुणी माझ्याविरुद्ध काढेल. पण तो टाळतो ते कर्म. रणांगणाला तर बांधलेलाच असतो. ‘दूर लोटणे’ने लुईसच्या प्रेक्षकांना वाटलेल्या ओकारीच्या पिशव्यांचा उलगडा होईल. लोक तिकीट काढून का आले, याचा होणार नाही.

राहिलं हसू. ‘नाट्यशास्त्रा’त भरताने रक्तातून येणाऱ्या बीभत्साला ‘क्षोभज’ आणि कृमी-विष्ठेतून येणाऱ्याला ‘उद्वेगी’ म्हटलं आहे. ‘ब्लड फीस्ट’ उघडच पहिल्या जातीचा. पण क्षोभ व्हायला विभाव, म्हणजे भाव जागवणारं कारण, उचित हवा. इथे मायामीतला एक केटरर ‘इजिप्शियन’ मेजवानीसाठी मुलींचे अवयव जमवतो, आणि ज्या इश्तारसाठी हे चाललंय ती देवी मुळात मेसोपोटेमियाची! उपटलेली जीभ मेंढीची, पोलीस पाठांतर म्हणावं तसे बोलतात, रक्त रंगाच्या डब्यातल्यासारखं लालभडक. आणि करणारे सगळे गंभीर. भरताचा टीकाकार अभिनवगुप्त सांगतो की अनौचित्य हाच हास्याचा विभाव, म्हणून कुठल्याही रसाचा आभास, म्हणजे नुसता देखावा, हास्याकडे वळतो. लुईसने विनोद केलेला नाही, त्यामुळे ‘विनोद’ हा शब्दही इथे चुकीचा. ‘बीभत्साभास’ म्हणा. पहिला ‘बी’ दीर्घ.