आमच्या सेलिंग क्लबचे एक जुने सदस्य, पेशाने इंजिनिअर, नुकतेच वारले. शोकसभेत त्यांच्याबद्दल काय बोलू?

त्यांची पदं आणि जिंकलेल्या शर्यती दुसरं कुणीतरी सांगेलच. तुम्ही त्यांच्या हातची कामं आठवा.

आमच्या क्लबातले इंजिनिअर काका गेले तेव्हा बोलायची पाळी माझ्यावर आली होती. दोन दिवस मोठमोठे शब्द जुळवत बसलो, पण एकही त्यांना शोभेना. शेवटी होड्यांच्या शेडमध्ये गेलो. तिथे फळीवर एक तडकलेली स्टेनलेसची पट्टी अजून पडली होती.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा अशाच पट्ट्यांना जोडलेल्या असतात. ही वरून लखलखीत होती. आम्ही सगळे म्हणालो, ठीक आहे. काकांनी मात्र ती खोलायला लावली, आणि डेकमधून खाली जाणाऱ्या भागात गंजाने चीर पडलेली निघाली. स्टेनलेस टिकतं ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर पुन्हा धरायला ऑक्सिजन लागतो. फटीत खारं पाणी साचून राहतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून उघडा भाग चकाकत राहतो आणि झाकलेला आतून जातो. हे त्यांनी आम्हाला तिथेच, पट्टी हातात देऊन समजावलं. त्या होडीवर तेव्हा मुलं शिकत होती. भर वाऱ्यात पट्टी तुटली असती तर डोलकाठी त्यांच्या अंगावर आली असती.

इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मापात मिसळून होणारा जोडकामाचा चिकट लेप, लावायची असली की ते वजनकाटा घेऊन बसायचे. लवकर वाळावं म्हणून मी एकदा हार्डनर जास्त घातला, तर तो सगळा डबा त्यांनी टाकायला लावला. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर नुसता उरतो आणि जोड कच्चा राहतो. रागावले नाहीत, नवं मिश्रण माझ्याच हातून करून घेतलं.

शर्यतीत ते बहुधा मागेच असायचे, कारण कुणाची होडी उलटून माणूस अडचणीत आला की पहिले वळायचे तेच. धोक्यात असलेल्याला शक्य ती सगळी मदत करायची, हे आंतरराष्ट्रीय नियमावलीत अगदी सुरुवातीलाच आहे. अशा मदतीमुळे निकाल बिघडला तर त्या निकालातच भरपाईही मागता येते. काकांनी ती कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

सभेला मी ती पट्टी रुमालात गुंडाळून नेली आणि एवढंच सांगितलं. काकूंनी ती हातात घेतली आणि बराच वेळ चिरेवरून बोट फिरवत राहिल्या.

तुमच्याकडेही त्यांनी दुरुस्त केलेलं काहीतरी अजून वापरात असेल. ते शोधा. ते तसंच का केलं, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुणाला तरी विचारा. आणि त्यांची टिपणवही असेल तर घरच्यांना विचारून तिची एक प्रत क्लबसाठी ठेवून घ्या. कुठला बोल्ट कधी बदलला, हे पुढे होडी सांभाळणाऱ्याला लागणार आहे.