बंदुकीचं लायसन्स: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: अमेरिकेत म्हणे ओळखपत्र दाखवलं की तासाभरात बंदूक हातात मिळते आणि जपानमध्ये महिनोन्‌महिने घालवावे लागतात. लोकशाही दोन्हीकडे आहे, मग कायद्यात एवढं जमीन-अस्मानाचं अंतर कसं?

उत्तर: अंतर पहिल्याच पायरीला पडतं, सिद्ध कोणी करायचं इथे. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनेनेच दिलेला हक्क आहे, १७९१ची दुसरी घटनादुरुस्ती, आणि २००८ साली हेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा हक्क एकेका नागरिकाचा आहे असं स्पष्ट सांगितलं, म्हणजे याला बंदूक देऊ नये हे दाखवायची जबाबदारी सरकारवर. लायसन्सवाल्या दुकानात गेलात तर फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) यंत्रणेकडे चौकशी करतो (१९९८ पासून ही सोय आहे), बहुतेक वेळा काही मिनिटांत होकार किंवा नकार येतो. पण ३ कामकाजाच्या दिवसांत पक्कं उत्तर आलंच नाही तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ साली अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात एका चर्चमध्ये ९ माणसं मारली गेली, त्या मारेकऱ्याला पिस्तूल मिळालं ते याच वाटेने, त्याला ते मिळायलाच नको होतं हे नंतर एफबीआयनेही मान्य केलं. शिवाय एकाच राज्यातल्या दोन माणसांनी आपापसात विक्री केली तर केंद्राचा कायदा चौकशी मागतच नाही, काही राज्यांनी स्वतःचे कडक नियम केलेत, काहींनी नाही, त्यामुळे 'अमेरिकेचा कायदा' म्हणून एकच काहीतरी सांगणं चुकीचं होईल.

जपानमध्ये नेमकं उलटं. १९५८च्या कायद्याप्रमाणे बंदूक मुळात कोणालाच नाही, मग अपवाद म्हणून परवानगी. पिस्तूल साध्या नागरिकाला मिळत नाही म्हणजे नाही. शिकारीसाठी नाहीतर नेमबाजीसाठी शॉटगन (छर्रे उडवणारी लांब बंदूक) हवी असेल तर आधी क्लास, लेखी परीक्षा, डॉक्टरचं मानसिक प्रकृतीचं सर्टिफिकेट, पोलिसांची चौकशी, प्रत्यक्ष नेमबाजीची टेस्ट, हे सगळं पार पडल्यावर एका ठरावीक बंदुकीपुरती परवानगी. घरी बंदूक एका कुलूपबंद कपाटात आणि काडतुसं वेगळ्या जागी, कुठे काय ठेवलंय ते पोलिसांना माहीत असतं, दरवर्षी बंदूक तपासली जाते आणि दर ३ वर्षांनी परवाना रिन्यू करावा लागतो. रायफल हवी असेल तर साधारणपणे आधी १० वर्षं शॉटगन नीट बाळगून दाखवावी लागते.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही दरवर्षीची तपासणी आणि रिन्यूअल. परवाना घेताना माणूस शांत असतो, संसार ठीक चाललेला असतो, पुढे नोकरी जाते, घरात भांडणं होतात, दारू वाढते, आणि कागदावर मात्र तोच जुना शिक्का, म्हणून एकदा परवाना देऊन विसरून जाणारा कायदा मला अर्धवट वाटतो. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे गोळीबारात मारले गेले त्याचं काय, असं काही जण विचारतील. ८ जुलै २०२२ला नारा शहरात त्यांच्यावर झाडलेली बंदूक मारेकऱ्याने स्वतः बनवलेली होती, ती कुठल्या परवान्यावर नव्हती. हत्यार घरीच तयार होत असेल तर लायसन्सचा कायदा तिथे पुरा पडत नाही, हे मान्य करायलाच हवं.

प्रश्न: परवाना माणसाला देतात की बंदुकीला? यात काही फरक पडतो का?

उत्तर: खूप पडतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. न्यूझीलंडमध्ये कित्येक वर्षं लायसन्स माणसाला होतं, साध्या बंदुकांची एकेक नोंद होत नव्हती, म्हणजे परवानाधारक किती ते सरकारला ठाऊक पण त्यांच्या घरात बंदुका किती ते नाही. मार्च २०१९मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, ५१ जीव गेले, आणि महिना व्हायच्या आत संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी झाडली की पुढची आपोआप भरली जाते अशा) बंदुकांवर बंदी आणली, पैसे देऊन लोकांकडून त्या परत घेतल्या. पण परत किती यायच्या बाकी आहेत हे मोजणार कशावर, नोंदच नाही ना! शेवटी २०२३मध्ये रजिस्टर सुरू झालं. कॅनडा मात्र उलट्या दिशेने गेला, लांब नळीच्या साध्या बंदुकांचं रजिस्टर त्यांनी २०१२मध्ये बंद केलं, खर्च फार आणि उपयोग कमी असं तिथल्या सरकारचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही.

ब्रिटनमध्ये रायफलच्या सर्टिफिकेटवर एकेक रायफल लिहिलेली असते, काडतुसं जास्तीत जास्त किती ठेवायची तेसुद्धा, आणि प्रत्येकीसाठी योग्य कारण द्यावं लागतं. शॉटगनचं सर्टिफिकेट त्यामानाने सैल. पिस्तुलं १९९६ पर्यंत मिळायची, त्या मार्चमध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ लहान मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली, पुढच्याच वर्षी तिथे पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. त्याच १९९६च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला गोळीबारात ३५ माणसं गेली आणि १२ दिवसांत सगळ्या राज्यांनी मिळून कडक बंदूक-कायद्यांचा करार केला, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. 'स्वसंरक्षणासाठी हवी' हे कारण तिथे चालत नाही. एवढ्या मुलांचा, माणसांचा जीव गेल्यावरच कायदा का हलतो, हा प्रश्न मला हे लिहिताना फार टोचतो.

प्रश्न: स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक असते हे खरं का?

उत्तर: घरोघरी नाही, पण सैन्यात सेवा करणारे नागरिक आपली रायफल घरी ठेवू शकतात. काडतुसं मात्र २००७ नंतर त्यांच्याकडून परत घेतली गेली. सेवा संपल्यावर तीच रायफल स्वतःकडे ठेवायची तर परमिट लागतं.

प्रश्न: वडील नुकतेच वारले. त्यांच्या नावाची बारा बोरची बंदूक भारतातल्या आमच्या घरी कपाटात आहे. लायसन्स संपायला अजून वेळ आहे, तोवर ठेवली तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. लायसन्स वडिलांचं होतं, ते बंदुकीबरोबर तुमच्याकडे येत नाही, आणि लायसन्सशिवाय साधी बंदूक बाळगल्याबद्दल २०१९च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं कैद आहे. उगाच दिवस ढकलू नका. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा करा, पावती घ्या, पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या बरोबर आहे का ते तिथेच उभं राहून बघा. जमा केली म्हणजे गेली असं नाही, वारस म्हणून तुमचा हक्क राहतो, पण ठरावीक मुदतीत हालचाल केली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते.

ठेवायचीच असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांत वारसाला लायसन्स देण्याची तरतूद आहे, वय २१ पूर्ण हवं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांकडे, पोलीस चौकशी होणारच, आणि भावाबहिणींची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा कारण बऱ्याच घरांत तिथेच अडतं. तुमच्या नावावर आधीच दोन बंदुका असतील तर तिसरी मिळणार नाही, २०१९ पासून कमाल दोनच. नको असेल तर जमा करून लायसन्स असलेल्या माणसाला किंवा डीलरला रीतसर विकता येते. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा, काही अपवाद सोडले तर ती द्यावी लागतात, आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली मुदतीत अपील करता येतं.